घोडा भादरणारं यंत्र आणि मेंढी कातरणारं यंत्र

लांब नळी, तिच्या टोकाला मुठीत मावणारं धातूचं अवजार आणि त्याच्या तोंडाशी दातांच्या दोन पट्ट्या. खालची पट्टी स्थिर, वरची डावी-उजवीकडे हलणारी. १८९० च्या सुमाराचं घोड्याचे केस भादरणारं यंत्र असो की मेंढीची लोकर कातरणारं, हे वर्णन दोन्हींना चालतं. म्हणून जुन्या यंत्रांच्या छायाचित्रांखाली हमखास चुकीची नावं पडतात. आज ऑनलाइन दुकानांतही एकच मोटर आणि एकच मूठ दाखवून एकदा ‘हॉर्स क्लिपर’ आणि एकदा ‘शीप शिअरिंग मशीन’ विकलं जातं. मूठ खरंच एक असू शकते. तोंड मात्र एक नसतं, आणि सगळी करामत तोंडातच आहे.

गोंधळ नात्यातूनच आलेला आहे. ऑस्ट्रेलियात जेम्स हायम याने १८६८ मध्ये लोकर कातरण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं, पण ते लोकर कातरण्याच्या शेडमध्ये रुळलं नाही. न्यू साउथ वेल्समधल्या वॉलगेटजवळच्या युरोका इथला मेंढपाळ जमीनदार फ्रेडरिक यॉर्क वुल्झली याने रॉबर्ट सॅव्हेजच्या साथीने १८७७ मध्ये एक पेटंट घेतलं, आणि १८८४ मध्ये आणखी एक मिळवलं. तरी हातातला भाग त्याला मनासारखा साधत नव्हता. मग त्याने जॉन हॉवर्ड या कारागिराकडून घोड्याच्या क्लिपरवर आधारलेल्या रचनेचे हक्क घेतले आणि हॉवर्डलाच कामावर ठेवलं. म्हणजे घोड्याचं यंत्र हे मेंढीच्या यंत्राचं पूर्वज. पुढे अमेरिकेत शिकागो फ्लेक्सिबल शाफ्ट कंपनीने ‘स्ट्युअर्ट’ या नावाने दोन्ही प्रकारची यंत्रं काढली. (हीच कंपनी नंतर ‘सनबीम’ झाली.) पूर्वज असला तरी क्लिपर जसाच्या तसा मेंढीवर चालवता आला नाही. का नाही, हे समजलं की दोन्ही यंत्रं लांबूनही ओळखता येतात.

घोडा भादरायचा तो त्याच्या अंगाला घाम येतो आणि लांब केसांत तो वाळत नाही म्हणून. कापलेले केस कचऱ्यात जातात. अंगावर उरतं ते एकसारखं, बेताच्या उंचीचं दिसलं की काम झालं. मेंढीच्या बाबतीत उलटं. विकायची असते ती निघालेली लोकर, आणि तिची किंमत धाग्याच्या लांबीवर ठरते. धागा मुळाशी एकाच कापात निघाला पाहिजे. हात वर उचलला गेला आणि राहिलेलं खुंट पुन्हा कापलं, तर अर्धा इंचाचे तुकडे पडतात. याला ‘सेकंड कट’ म्हणतात, आणि लोकर निवडणाऱ्या टेबलाच्या फटींतून हे तुकडे खाली पडलेले दिसतात. घोड्यावर दोनदा हात फिरवणं ही सफाई, मेंढीवर ते नुकसान. दातांची ठेवण या फरकातून ठरली.

आता दात मोजा. घोड्याच्या संचात खालच्या पट्टीला बहुधा तिसाच्या आसपास बारीक, आखूड, जवळजवळ दात असतात. ३१ दात आणि वरच्या पट्टीला १५ ही सर्रास दिसणारी जोडी. ३१ दातांत ३० फटी, म्हणजे वरच्या प्रत्येक दाताच्या वाट्याला दोन. मेंढीच्या यंत्रात खालच्या पट्टीला फणी म्हणू, वरच्याला कटर. जुन्या अरुंद संचात फणीला १० दात आणि कटरला ३. नंतरच्या रुंद संचात १३ आणि ४. हिशेब केला तर नऊ फटींना तीन दात आणि बारा फटींना चार, म्हणजे दोन्हीकडे एका दाताला तीन फटी. फणी रुंद झाली तरी हे प्रमाण हललं नाही, कारण कटर किती झुलू शकतो ते मागच्या क्रँकने बांधून ठेवलेलं असतं.

फणीचे दात लांब असतात. टोकाशी निमुळते, पण टोक गोलसर. खालून जाड, कडेने उतरते. ही फणी आधी लोकरीत शिरते, धागे सरळ करून फटींत आणते, कातडीला दाबून सपाट ठेवते आणि मग कटर येऊन कापतो. क्लिपरच्या आखूड दातांना हे शिरण्याचं काम जमत नाही. घोड्याचा केस कोरडा, सुटा आणि एका दिशेला पडलेला असतो. मेरिनो या बारीक लोकरीच्या जातीच्या मेंढीची लोकर दाट, लॅनोलिनने (लोकरीतल्या नैसर्गिक मेणाने) चिकट आणि वाळूने भरलेली. क्लिपर तिच्यात खुपसला की दातांमधल्या फटी मेणचट मळाने बुजतात, पट्ट्या एकमेकींपासून उचलल्या जातात आणि लोकर कापली जाण्याऐवजी ओढली जाते. त्यात त्याच काळात ऑस्ट्रेलियात अमेरिकेहून आणलेल्या व्हरमाँट जातीच्या सुरकुत्यांच्या मेंढ्यांचं वेड होतं. गळ्याभोवती कातडीच्या घड्यांवर घड्या असलेल्या जनावरावर आखूड, टोकदार दात फिरवणं म्हणजे दर घडीला जखम. गोल टोक आणि खालची जाडी यांची खरी गरज तिथे पडली.

दाब देण्याची पद्धतही वेगळी आहे, आणि यंत्र बिघडतं ते बहुतेक इथेच. क्लिपरमध्ये वरची सपाट पट्टी स्प्रिंगच्या जोराने खालच्या पट्टीवर एकसारखी बसवलेली असते. वरचा नट फिरवला की सगळा दाब एकदम कमी-जास्त होतो. मेंढीच्या हँडपीसमध्ये, म्हणजे हातात धरायच्या भागात, मधोमध एक फोर्क (बोटं फुटलेला दांडा) असतो. मागे क्रँक गोल फिरतो, त्याच्या खुंटीवरचा छोटा रोलर फोर्कच्या शेपटीतल्या खाचेत फिरतो, फोर्क मधल्या टेकूवर झुलतो आणि त्याच्या पुढच्या बोटांत अडकवलेला कटर गाडीच्या वायपरसारखा कमानीत जातो-येतो. दाब कमी-जास्त करणारा टेन्शन नट वरून पिनेवर दाबतो, पिन फोर्कवर, आणि फोर्कच्या बोटांची टोकं कटरच्या भोकांत बसून प्रत्येक दाताला वेगळा दाब देतात. चिकट लोकरीत एकाच बाजूला जोर पडला तरी कटर तिथून उचलला जात नाही, तो यामुळे. बोटांची टोकं असमान झिजली की मात्र कटरची एक बाजू कापते आणि दुसरी चघळते. अशा वेळी नट कितीही आवळा, उपयोग नाही. उलट यंत्र तापतं. आधी फोर्क बघायचा.

फणी बसवण्याची मापं नेमकी आहेत. दाताचा उतार जिथून सुरू होतो, त्या ठिकाणाच्या साधारण १/१६ इंच, म्हणजे दीड मिलिमीटर मागे कटरची टोकं थांबली पाहिजेत. पुढे गेली तर कातडीला लागतात. फार मागे राहिली तर लोकर दातांत साचते आणि हात ढकलून दमतो. मग क्रँक हाताने सावकाश फिरवून बघायचं: कटर डावीकडच्या शेवटच्या दातावर जितका जातो तितकाच उजवीकडच्या शेवटच्या दातावर गेला पाहिजे. एका बाजूला कमी पडला तर फणी वाकडी बसली आहे. दोन्ही बाजूंना कमी पडला तर रोलर किंवा खाच झिजली आहे. हे बघून झाल्यावरच फणीचे दोन्ही स्क्रू पक्के करायचे. टेन्शन सैल ठेवून सुरुवात करायची आणि लोकर स्वच्छ कापली जाईपर्यंतच आवळायचं, त्यापुढे एक आटाही नाही.

तेलाचा हिशेब दोन्हीकडे वेगळा. मेरिनोचं लॅनोलिन कटरला थोडंफार वंगण देतं, त्यामुळे तिथे तेलाची खरी गरज मागे रोलरला आणि फोर्कच्या टेकूला असते. घोड्याचा केस काहीच देत नाही. क्लिपरच्या दातांवर पाच-दहा मिनिटांनी दोन थेंब टाकले नाहीत, तर पट्टी इतकी तापते की घोडा अंग चोरायला लागतो.

नळीकडे येऊ. घोडा उभा असतो आणि भादरणारा त्याच्याभोवती फिरतो: पोटाखाली, कानामागे, पायांच्या आत. त्यामुळे तिथे हवी तशी वळणारी लवचीक नळी लागते. आत तारांच्या थरांवर थर गुंडाळलेला गाभा फिरतो आणि दुसरा माणूस चाकाचं हँडल फिरवत उभा राहतो. असा गाभा एकाच दिशेने फिरण्यासाठी गुंडाळलेला असतो. हँडल उलटं फिरवलं की थर सुटे होतात आणि जोर वाया जातो. नळी तीव्र कोनात वळवली तर गाभा आतून घासून तापतो आणि शेवटी तिथेच तुटतो.

मेंढी कातरणाऱ्याची जागा ठरलेली असते. मेंढी त्याच्या पायांत बसवलेली, हात फिरतो तो समोरच्या दोन-तीन फुटांत. त्यामुळे वरच्या लांब शाफ्टवरून खाली आलेली, कोपराशी सांधे असलेली ताठ नळी पुरते. सांध्यांत छोटी दातेरी चाकं असतात आणि जोर न गमावता वळण मिळतं. सुरुवातीच्या काही यंत्रांत मेंढीसाठीही लवचीक नळी होती, आत पीळ दिलेल्या आतड्याच्या दोरीचा गाभा. तो दमट हवेत ढिला पडतो आणि अडथळा आला की पीळ साठवून झटका देतो. शाफ्ट आणि नळी यांच्यामध्ये घर्षणाचं चाक असतं. दोरी ओढली की ते चाक शाफ्टला टेकतं किंवा सुटतं, त्यामुळे शेजारचा माणूस काम करत असताना आपलं यंत्र थांबवता येतं. १८८८ मध्ये डार्लिंग नदीकाठच्या डनलॉप स्टेशनवर, म्हणजे मेंढ्यांच्या मोठ्या मळ्यावर, मालक सॅम्युअल मॅककॉइच्या शेडमध्ये कातरणाऱ्यांसाठी अशी ४० ठाणी बसवून पूर्ण हंगाम यंत्रांवर काढला गेला. वाफेच्या एका इंजिनवर ४० हँडपीस चालवायचे, तर प्रत्येकाला स्वतंत्र चालू-बंद हवंच. घोड्याच्या यंत्रात हा प्रश्न कधी आलाच नाही. (वुल्झलीच्या कामात सुधारणा करणारा तरुण इंजिनिअर हर्बर्ट ऑस्टिन पुढे बर्मिंगहॅमला जाऊन मोटारी बनवू लागला. ‘वुल्झली’ आणि ‘ऑस्टिन’ ही गाड्यांची नावं मेंढ्यांच्या शेडमधून निघाली आहेत.)

यंत्र आलं म्हणजे लगेच वेग आला, असं मात्र नाही. जॅकी हाउ या नावाजलेल्या कातरणाऱ्याने १८९२ मध्ये क्वीन्सलँडच्या ॲलिस डाउन्स इथे साध्या हातकातरीने एका दिवसात ३२१ मेंढ्या उरकल्या. त्याच वर्षी यंत्रावर त्याचा आकडा होता २३७. मालकांना पटलं ते वेगळंच. १८८५ मध्ये मेलबर्नच्या लोकरीच्या गोदामात हातकातर आणि यंत्र समोरासमोर चालवून दाखवण्यात आलं. त्यात हातकातरीने उरकलेल्या मेंढ्यांवर पुन्हा यंत्र फिरवलं, तेव्हा आणखी लोकर निघाली. ती मुळाशी कापली गेली याचं श्रेय फणीला. याची उलटी बाजूही लगेच दिसली: थंड मुलखात इतकी उघडी कातडी मेंढीला झेपत नाही. त्यासाठी खालून जास्त जाड दातांच्या फण्या निघाल्या, ज्या अंगावर थर ठेवून कापतात. न्यूझीलंडच्या डोंगराळ भागात तर आजही काही ठिकाणी हातकातरच चालते. फणीच्या रुंदीवरून ऑस्ट्रेलियात अडीच इंचांची मर्यादा दशकानुदशके टिकली आणि ती उठवण्यावरून १९८३ मध्ये मोठा संप झाला. क्लिपरच्या पट्टीच्या रुंदीवरून कुणी संप केल्याचं ऐकिवात नाही.

धार लावतानाही दोन्हींची जात कळते. क्लिपरच्या दोन पट्ट्या जोडीने घासल्या जातात आणि जोडीनेच वापरायच्या. एका संचातली वरची पट्टी दुसऱ्या संचावर बसवली की मध्ये फट राहते आणि केस कापले न जाता अडकतात. फणी आणि कटर मात्र एकमेकांना बांधलेले नसतात. दोन्ही स्वतंत्रपणे एमरी कागद चिकटवलेल्या फिरत्या तबकडीवर घासतात. तबकडी कडेकडे किंचित उतरती असल्याने घासलेल्या पृष्ठाला बारीक पोकळी येते आणि फक्त कडा एकमेकींना टेकतात. कटर लवकर बोथट होतो, फणी टिकते. म्हणून कातरणारा एका फणीवर एकामागून एक कटर बदलत जातो.

महाराष्ट्रात दख्खनी मेंढ्यांची लोकर अजून मुख्यतः हातकातरीनेच निघते आणि घोंगड्यांकडे जाते. इथे यंत्र घेणाऱ्याने मुठीवरच्या वॅटपेक्षा आधी तोंड बघावं. घोड्याचा सपाट संच असेल तर लोकर ओढली जाईल. १३ दातांची फणी आणि ४ दातांचा कटर असेल तर चालेल, पण मेरिनोवरचा अनुभव इथे जसाच्या तसा लागू करू नये. दख्खनी लोकर जाडीभरडी, केसाळ आणि कोरडी. तिच्यात धूळ असते आणि वंगण कमी. त्यामुळे दातांवर तेल घोड्याइतकंच वारंवार द्यावं लागतं आणि कटर लवकर बोथट होतो. एका फणीमागे निदान तीन-चार कटर हाताशी ठेवावेत. कातरण्याआधी मेंढ्या धुवून पूर्ण वाळवल्या तर तेच कटर बऱ्याच जास्त मेंढ्या काढतात. ओल्या लोकरीवर मात्र यंत्र अजिबात चालवू नये.