आयपी पत्ता

इंटरनेट प्रोटोकॉलवर चालणाऱ्या नेटवर्कमधील जोडणीला दिलेला अंक. पत्ता संगणकाचा नसतो, त्याच्या जोडणीचा असतो. म्हणून एकाच लॅपटॉपला वायफायचा एक आणि केबलचा दुसरा असे दोन पत्ते एकाच वेळी असू शकतात. सप्टेंबर १९८१मध्ये आरएफसी ७९१ या दस्तऐवजाने ठरवून दिलेली चौथी आवृत्ती (आयपीव्ही४) आजही बहुतेक घरांत आणि कचेऱ्यांत चालते.

आयपीव्ही४चा पत्ता ३२ बिटांचा असून तो चार गटांत लिहितात, उदाहरणार्थ १९२.१६८.१.७०. प्रत्येक गट ० ते २५५. पत्त्याचे दोन भाग असतात: पुढचा नेटवर्कचा, मागचा त्यातल्या यंत्राचा. भाग कुठे पडतो हे सबनेट मास्क सांगतो. दूरध्वनीचा एसटीडी कोड मुंबईचा ०२२ आणि साताऱ्याचा ०२१६२. कोड जितका आखूड तितके त्या गावात क्रमांक जास्त. मास्कचे तसेच आहे. २५५.२५५.२५५.० म्हणजे /२४, पहिले २४ बिट नेटवर्कचे. त्यात २५६ पत्ते, पण पहिला नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा (सर्वांना एकदम निरोप देण्याचा), म्हणून यंत्रांना २५४. मास्क /२६ केला तर ६४ पत्त्यांचे गट पडतात: १९२.१६८.१.७० हा ६४ ते १२७ या गटात येतो आणि यंत्रांना ६५ ते १२६ असे ६२ पत्ते उरतात.

पॅकेट (माहितीचा एक तुकडा) पाठवण्यापूर्वी संगणक एकच गोष्ट ठरवतो: समोरचा पत्ता आपल्याच नेटवर्कमधला आहे की बाहेरचा? आतला असेल तर एआरपीने, म्हणजे नेटवर्कमध्ये सर्वांना हाक मारून, त्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) विचारून थेट पाठवतो. बाहेरचा असेल तर गेटवेकडे, म्हणजे राउटरकडे, सोपवतो. नेटवर्कमधले बरेच बिघाड या निर्णयातच असतात. समजा पुण्याच्या कचेरीतील संगणकाचा पत्ता १०.१.१.२० आणि नाशिक शाखेचा सर्व्हर १०.२.१.५ आहे. मास्क २५५.२५५.२५५.० हवा होता, घातला २५५.०.०.०. आता या संगणकाला नाशिकचा सर्व्हर शेजारीच वाटतो. तो एआरपीने हाका मारत राहतो, उत्तर येत नाही. इंटरनेट मात्र व्यवस्थित चालते, त्यामुळे मास्ककडे कोणाचे लक्ष जात नाही आणि दोष सर्व्हरच्या माथी मारला जातो.

पत्त्याचे सुरुवातीचे आकडे पाहूनच बरेच कळते. १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ हे खासगी पत्ते. इंटरनेटवर ते चालत नाहीत, राउटर नॅट करून, म्हणजे त्यांच्या जागी आपला बाहेरचा पत्ता घालून, त्यांना बाहेर नेतो. १२७.०.०.१ म्हणजे यंत्र स्वतः. १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिसला की डीएचसीपी सर्व्हरकडून (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) पत्ता मिळाला नाही आणि संगणकाने स्वतःच एक घेतला, असे समजावे. अशा वेळी ब्राउझर किंवा वेबसाइट तपासण्यात अर्थ नाही. केबल, स्विचचा पोर्ट किंवा राउटर पाहावा.

डीएचसीपी पत्ता ठरावीक मुदतीने देते आणि निम्मी मुदत संपली की यंत्र नूतनीकरण मागते. प्रिंटर, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र) यांना मात्र कायमचा पत्ता लागतो. तो हाताने घालताना डीएचसीपीच्या वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा घ्यावा. पट्टा १०० ते २०० असेल तर प्रिंटरला ५० द्यावा. १२० दिला तर कधीतरी तोच पत्ता एखाद्या मोबाइललाही मिळतो आणि छपाई मधूनमधून बंद पडते. त्याहून बरे म्हणजे राउटरमध्येच मॅक पत्त्यावर आरक्षण करणे.

तपासणीच्या आज्ञा थोड्याच आहेत. (येथे त्या उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टंकताना रोमन लिपीतील छोटी अक्षरे आणि रोमन आकडे वापरावेत.) विंडोजमध्ये ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ पत्ता, मास्क, गेटवे, डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा), मॅक पत्ता आणि डीएचसीपीची मुदत दाखवते. ‘आयपीकॉन्फिग /रिलीज’ पत्ता सोडते, ‘/रिन्यू’ नवा मागते. दूरच्या संगणकावर रिमोटने काम करताना नुसते ‘/रिलीज’ देऊ नये. जोडणी तिथेच तुटते आणि ‘/रिन्यू’ द्यायला कोणी उरत नाही. लिनक्समध्ये ‘आयपी ए’ पत्ते आणि ‘आयपी आर’ मार्ग दाखवते. ‘आयएफकॉन्फिग’ जुनी झाली असून अनेक नव्या वितरणांत मुळात बसवलेलीच नसते, ॲपलच्या मॅक संगणकावर मात्र ती आहे. लिनक्समध्ये ‘आयपी ॲडर ॲड १९२.१६८.१.५०/२४ डेव्ह ईटीएच०’ असा पत्ता जोडता येतो. शेवटचा /२४ विसरल्यास /३२ धरला जातो, म्हणजे नेटवर्कमध्ये ते यंत्र एकटेच. शिवाय हा बदल संगणक पुन्हा सुरू केला की जातो. कायम ठेवायचा तर नेटप्लॅन किंवा ‘एनएमसीएलआय’ ही साधने वापरावीत.

पिंग (समोरून उत्तर येते का हे पाहणारी आज्ञा) आतून बाहेर करत जावे: आधी गेटवे, मग ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर), मग एखाद्या वेबसाइटचे नाव. पुष्कळ पुस्तकांत पहिली पायरी १२७.०.०.१ दिलेली असते. ते पिंग केबलपर्यंत पोचतच नाही, तेव्हा त्याने फारसे काही सिद्ध होत नाही. ८.८.८.८ उत्तर देतो पण नाव उघडत नाही, तर दोष डीएनएसचा. ‘एनएसलुकअप’ने खात्री करावी. विंडोजमध्ये आपल्याच पत्त्यावरून ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आले तर एआरपीला उत्तर मिळाले नाही. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ म्हणजे मुदतीत उत्तर आले नाही. यंत्र बंदच असेल असे नाही, विंडोजची फायरवॉल (नको ती ये-जा रोखणारी यंत्रणा) अनेकदा पिंग अडवते. वाटेतले राउटर दाखवणाऱ्या ‘ट्रेसर्ट’मध्ये मधल्या टप्प्यावर तारका दिसल्या आणि पुढचे टप्पे उत्तर देत असतील, तर तिकडे दुर्लक्ष करावे.

घरात दुसरा राउटर लावताना ठरलेली एक गडबड होते. फायबरचा मोडेम १९२.१६८.१.१ आणि नव्या राउटरचा पत्ताही तोच. केबल वॅन पोर्टमध्ये (बाहेरच्या जोडणीच्या) घातली की राउटरच्या दोन्ही बाजूंना एकच नेटवर्क येते आणि पॅकेट कुठे पाठवायचे हे त्याला ठरवता येत नाही. नुसते वायफाय वाढवायचे असेल तर नव्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ करावा, त्याचे डीएचसीपी बंद करावे आणि केबल लॅन पोर्टमध्ये (घरातल्या जोडणीच्या) लावावी. डीएचसीपी चालू राहिले तर काही मोबाइलना गेटवे म्हणून .२ मिळतो, ते वायफायला जोडलेले दिसतात, नेट मात्र चालत नाही.

आयपीव्ही४चे एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते पुरेनासे झाले. जागतिक साठ्यातील शेवटचे गट फेब्रुवारी २०११मध्ये वाटून झाले. त्यामुळे अनेक सेवादाते शेकडो ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात, त्यासाठी १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२मध्ये राखून ठेवला गेला. राउटरच्या वॅन पानावर या पट्ट्यातला पत्ता असेल तर सीसीटीव्हीसाठी कितीही पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी आतल्या यंत्राकडे वळवणे) केले तरी बाहेरून कॅमेरा दिसणार नाही. सेवादात्याकडून सार्वजनिक स्थिर पत्ता घ्यावा, नाहीतर कंपनीच्या क्लाउडमार्फत पाहावे.

आयपीव्ही६चा पत्ता १२८ बिटांचा आहे. भारतात मोबाइल नेटवर्कमुळे त्याचा प्रसार मोठा आहे आणि फोनमध्ये २ने सुरू होणारा लांबलचक पत्ता सहज आढळतो. ‘एफई८०’ने सुरू होणारा पत्ता फक्त त्या जोडणीपुरता, तेवढाच दिसत असेल तर आयपीव्ही६ने इंटरनेट मिळालेले नाही. येथे नॅटची गरज नसल्याने आतले यंत्र आडोशाला राहत नाही, संरक्षण फायरवॉलनेच करावे लागते. मात्र आयसीएमपीव्ही६ (पिंग आणि नेटवर्कचे अंतर्गत निरोप नेणारा प्रोटोकॉल) सरसकट अडवू नये: शेजारच्या यंत्राचा मॅक शोधणे आणि पॅकेटचा योग्य आकार ठरवणे ही दोन्ही कामे त्यावरच चालतात, आणि दुसरे काम अडले की छोटी पाने उघडतात, मोठी अर्ध्यावर अडकतात.