डॉक्टर हू : जन्मकथा बदलल्याचा वाद आला कुठून

आमच्या बेळगावच्या पोरांत 'डॉक्टर हू'वरून परत जुंपलीय, म्हणजे बीबीसीची ती सिरीयल, ज्यात डॉक्टर नावाचा परग्रहावरचा प्रवासी काळात मागेपुढे फिरतो. टिळकवाडीचे, शहापूरचे, एक-दोघे निपाणी-खानापूरकडचे, निम्मं मराठीत निम्मं कानडीत बोलणारे, आणि विषय एकच, की २०२० मध्ये सिरीयलने डॉक्टरचा जन्मच बदलला ते बरोबर की चूक. एकाने तर सरळ विचारलं, "हे काय करूलाल्यात रे?" नवीन बघायला लागलेल्यांना यातलं निम्मं कळत नाही, म्हणून जरा मागून सांगतो, कारण हे भांडण २०२० चं नाहीच.

२३ नोव्हेंबर १९६३ ला बीबीसीवर पहिला भाग लागला. सिडनी न्यूमनची कल्पना, प्रोड्यूसर व्हेरिटी लॅम्बर्ट, आणि पहिल्या कथेचा डायरेक्टर वारिस हुसेन, लखनौला जन्मलेला. पोरांना इतिहास आणि विज्ञान शिकवायचं असा मूळ बेत होता आणि न्यूमनला राक्षसबिक्षस नकोच होते, पण दुसऱ्याच कथेत लेखक टेरी नेशनचे डॅलेक हे यंत्रात बसलेले राक्षस आले, लोकांनी डोक्यावर घेतले, आणि तीनचार वर्षांत निव्वळ इतिहासाच्या गोष्टी जवळपास बंदच पडल्या. म्हणजे 'मूळ डॉक्टर हू वेगळं होतं' ही तक्रार करायची तर ती तिथूनच करावी लागेल!

मग १९६६. पहिला डॉक्टर झालेल्या विल्यम हार्टनेलची तब्येत ढासळलेली, पण सिरीयल चालू ठेवायची होती, म्हणून म्हातारा डॉक्टर खाली पडतो आणि पॅट्रिक ट्रॉटन म्हणून उठतो. आज आपण ज्याला रिजनरेशन म्हणतो, म्हणजे मरायच्या वेळी नवं शरीर, नवा चेहरा घेणं, ते हेच, अडचणीतून निघालेलं, आणि त्याचे नियम सगळे नंतर बसवले. डॉक्टर टाइम लॉर्ड, म्हणजे काळावर हुकूमत असलेल्या परग्रहावरच्या लोकांपैकी आहे हे तर १९६९ मध्ये म्हणजे सहा वर्षांनी सांगितलं. १९७० मध्ये त्याला पृथ्वीवर अडकवून ठेवलं त्यातही खर्च वाचवायचा हिशोब होता. आधी गरज आणि मग तिला साजेशी कथा, हे या सिरीयलमध्ये पहिल्यापासून चालत आलंय, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

खरा मोठा राडा १९७६ चा. लेखक रॉबर्ट होम्सने टाइम लॉर्डांचा ग्रह आतून दाखवला आणि तिथे निघाले कटकारस्थानं करणारे, थकलेले म्हातारे पुढारी. ज्यांनी त्यांना देवासारखं मानलं होतं ते चाहते भयंकर चिडले, तिकडच्या चाहत्यांच्या संघटनेच्या अध्यक्षानेच या कथेवर सडकून टीका लिहिली. बारा वेळाच रिजनरेशन होतं हा नियमसुद्धा याच कथेतला. आज हीच कथा उत्तम म्हणून मिरवतात आणि तोच बारावाला नियम पवित्र धरून नव्यांशी भांडतात. त्याच वर्षी आधीच्या एका कथेत हार्टनेलच्याही आधीचे डॉक्टर असावेत असे चेहरे क्षणभर दाखवले होते (प्रॉडक्शनमधलीच माणसं वेषभूषा करून बसवलेली), तो धागा चव्वेचाळीस वर्षं कुणी ओढला नाही.

१९८९ ला सिरीयल बंद पडली. १९९६ च्या टीव्ही सिनेमात डॉक्टर अर्धा माणूस आहे असं सांगून बघितलं, कुणालाच पटलं नाही, नंतरच्यांनी ते सोडूनच दिलं. २००५ ला लेखक रसेल टी डेव्हिस सिरीयल परत घेऊन आला तेव्हा त्याने टाइम लॉर्डांचा ग्रहच महायुद्धात संपवून टाकला, २०१३ मध्ये त्याच्या जागी आलेल्या स्टीव्हन मॉफॅटने तो वाचवला, आणि त्याच नाताळात डॉक्टरला रिजनरेशनचा नवा कोटा मिळाला. यावरही वाद झालेच.

आता मॉफॅटनंतरचा मुख्य लेखक ख्रिस चिबनल. १ मार्च २०२० च्या भागात कळतं की डॉक्टर मुळात टाइम लॉर्डांपैकी नाहीच, कुठून तरी दुसरीकडून आलेलं सापडलेलं मूल, त्याच्यापासूनच त्यांना रिजनरेशन मिळालं, आणि डॉक्टरच्या त्या सगळ्या आठवणी पुसल्या. १९७६ चे ते चेहरेही यात परत दाखवले. आमच्यातले निम्मे म्हणतात यामुळे डॉक्टर जणू निवडलेला, जन्मतःच मोठा झाला, पूर्वी तो स्वतःच्या निर्णयाने पळून गेलेला एक साधा टाइम लॉर्ड होता त्यातच मजा होती. हे मलाही पटतं. पण माझी खरी तक्रार दुसरी आहे. १९६९ ला जे बदललं ते गोष्टीतून घडत गेलं, इथे मास्टर, म्हणजे डॉक्टरचा जुना वैरी, डॉक्टरला डांबून ठेवतो आणि सांगत बसतो, ती (तेव्हा डॉक्टर बाई होती) नुसती ऐकते. एवढी मोठी गोष्ट आणि डॉक्टरला स्वतः करायला काहीच नाही.

आणि याच चिबनलच्या काळात कथा कशी सांगावी ते दिसलंही होतं. नोव्हेंबर २०१८ चा फाळणीवरचा भाग बघा, विनय पटेलने लिहिलेला. ऑगस्ट १९४७, हिंदू मुलगा, मुसलमान मुलगी, लग्न लावते डॉक्टर, आणि मुलाचा सख्खा भाऊच उलटतो. डॉक्टर काही बदलू शकत नाही, तिला तिथून निघून जावं लागतं, मरणाऱ्याच्या साक्षीला थांबतात ते परग्रहवासी. आमच्या सीमाभागाची आणि फाळणीची तुलना करायची नाही, ती होऊच शकत नाही, पण १९५६ पासून नकाशातल्या रेघेवरून घराघरांत बोलणं ऐकत वाढलेल्या माणसाला तो भाग आत कुठेतरी लागतो, आमच्या ग्रुपमध्ये चिबनलला शिव्या घालणारेसुद्धा त्या भागाविषयी बोलताना गप्प होतात.

आता पुढचं भांडण. ३१ मे २०२५ ला डॉक्टर झालेला शूटी गटवा गेला आणि त्याच्या जागी दिसली बिली पायपर, जी २००५ मध्ये डॉक्टरची सोबतीण रोझ होती. शेवटच्या पाट्यांमध्ये तिच्या नावापुढे डॉक्टर असं लिहिलेलंच नाही. त्याच ऑक्टोबरमध्ये बीबीसीने सांगितलं की डिस्नेबरोबरची भागीदारी संपली, आणि २०२६ च्या नाताळसाठी डेव्हिसच एक स्पेशल लिहिणार. निपाणीवाला म्हणतो ती डॉक्टर नाहीच, शहापूरवाला म्हणतो आहेच. माझं मत विचाराल तर कुणीही असू दे, पण ते तिच्या कृतीतून कळू दे, खुर्चीत बसवून सांगू नका.