एका फेरीत पार्किंग कळत नाही

नवी मुंबईतल्या उलव्यासारख्या वाढत्या नोडमध्ये (नियोजित उपनगरात) संध्याकाळी एक चक्कर मारली की निष्कर्ष तयारच असतो: गाड्या फार झाल्या, पार्किंगची इमारत बांधा. पण एका चकरेत दिसतात त्या मुख्यतः ठाण मांडून बसलेल्या गाड्या. रस्ता खरा किती जणांच्या उपयोगी पडतो, ते त्यातून कळत नाही.

समजा, कडेला २० जागा आहेत. १५ जागांवर सकाळी ८ ते रात्री ८ त्याच गाड्या. उरलेल्या ५ जागांवर भाजीचा टेम्पो, सिलिंडरची गाडी, औषधं घ्यायला थांबलेली कार, असं दर २० मिनिटांनी बदलतं. कधीही मोजा, तीन-चतुर्थांश गाड्या दिवसभराच्याच दिसतील. प्रत्यक्षात १२ तासांत त्या ५ जागांनी ५ × ३६ = १८० गाड्यांची सोय केली, १५ जागांनी फक्त १५ गाड्यांची. १९५ पैकी दिवसभराच्या गाड्या ८ टक्केही नाहीत! यामागचा नियम जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केला: उभ्या गाड्या = ताशी आगमन × सरासरी मुक्काम. इथे त्या ५ जागांवर ताशी १५ गाड्या येतात: १५ × १/३ तास = ५.

म्हणून फेऱ्या ठरावीक अंतराने मारायच्या आणि प्रत्येक फेरीत नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे व वाहनाचा प्रकार टिपायचा. तासाभराने फेरी मारली तर २० मिनिटांच्या तीन गाड्यांपैकी दोन निसटतात, १८० पैकी जेमतेम ६० सापडतात. फेरी १५ मिनिटांची हवी. एका माणसाला तेवढ्यात उरकेल एवढाच पट्टा द्या, नाहीतर तो घाईत आकडे चुकवतो आणि एकच गाडी दोन गाड्या होऊन बसते. सणासुदीचा आठवडा टाळा. रहिवाशांच्या गाड्यांसाठी पहाटे ३ ची फेरी वेगळी.

आधी जागा टेपने मोजा. सोसायटीची गेटं, बसथांबा आणि कोपरे वगळा. न्हावा-शेवा बंदराकडचा ४० फुटी कंटेनर एकटाच १२.२ मीटर लांब, शिवाय ट्रेलर ओढणारं इंजिन वेगळं. त्याला 'एक वाहन' लिहिलं तर कडेच्या तीन गाड्यांची जागा हिशेबातून गायब होते. ट्रकची नोंद मीटरमध्येच ठेवा. माल उतरतोय, चालक झोपलाय की इंजिन काढून नुसता ट्रेलर सोडलाय, हेही लिहा, कारण तिन्हींवरचे उपाय वेगळे. अवजड वाहनांना बंदी असेल तिथे ती उठण्याआधीच्या तासात रांग सर्वांत लांब असते, ती फेरी चुकवू नका.

'स्मार्ट पार्किंग' ॲपचा गाजावाजा होतो, पण मुक्कामाच्या नोंदीच नसतील तर ॲपही फक्त 'जागा नाही' एवढंच सांगेल. वरच्या रस्त्यावर १५ पैकी ३ गाड्या इमारतीच्या आवारात गेल्या, तर १२ तासांत आणखी १०८ गाड्यांची सोय होते.