ग्राफिक्स कार्डाला थोडी सबुरी

गेमचं चित्र पडद्यावर उमटवतं ते ग्राफिक्स कार्ड. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०८० या डेस्कटॉप कार्डात ९,७२८ कोअर, म्हणजे आकडेमोड करणारे छोटे भाग, आहेत. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०९० घ्या, त्यातही ९,७२८ कोअर आणि चिपही त्याच जातीची. नाव तेवढं वरच्या इयत्तेचं, जाहिरात खात्याला नमस्कार. डेस्कटॉपवालं ३२० वॉटपर्यंत वीज ओढतं, लॅपटॉपवालं साधारण ८० ते १५० वॉटमध्ये भागवतं. वीज निम्म्याहून कमी, मग वेगही निम्मा व्हायला हवा ना? तसं होत नाही. वेग घटतो, पण विजेच्या मानाने बराच कमी. म्हणजे डेस्कटॉप कार्ड वरची सगळी वीज शेवटच्या थोड्याशा वेगावर उधळतं.

ही उधळपट्टी आपल्याला घरबसल्या आवरता येते. कार्डाचा क्लॉक, म्हणजे चिपच्या ठोक्यांचा वेग, उतरवणं म्हणजे अंडरक्लॉकिंग आणि व्होल्टेज उतरवणं म्हणजे अंडरव्होल्टिंग. लोक दोन्हींना सर्रास एकच समजतात, पण खरी बचत दुसऱ्यात आहे.

४०८० च्या चिपवर जवळपास ४,५९० कोटी ट्रान्झिस्टर, म्हणजे बारीक स्विच, आहेत. त्यांची उघडझाप होते तेव्हा दर वेळी विजेचा एक बारीकसा साठा भरावा लागतो आणि रिकामा करावा लागतो. या भरण्या-सांडण्यात जाणारी वीज क्लॉकच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. क्लॉक १० टक्के उतरवला तर ही वीज १० टक्के वाचते. व्होल्टेज १० टक्के उतरवलं तर १९ टक्के.

मग कंपनी मुळातच व्होल्टेज कमी का ठेवत नाही? चाळीतल्या नळाचं पाणी आठवा. पाणी जायच्या आत हंडा भरायचा तर नळाला जोर हवा. इथे व्होल्टेज हा जोर आणि क्लॉकचा एक ठोका ही पाण्याची वेळ. ठोका पडेपर्यंत साठा भरला नाही तर पुढच्या सर्किटकडे चुकीचा आकडा जातो. पडद्यावर रंगीत चौकोन उमटतात, गेम बंद पडतो किंवा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) मान टाकतो. त्यातून कारखान्यातून निघणाऱ्या सगळ्या चिपा सारख्या नसतात. एखादी कमी व्होल्टवर सुखाने चालते, एखादी रडते. कंपनीला रडणाऱ्या चिपेलाही पुरेल एवढं व्होल्टेज द्यावं लागतं, वर थोडं पदरचंही. तुमच्या वाट्याला चांगली चिप आली असेल तर ते वरचं व्होल्टेज निव्वळ वाया जातं.

आता हिशेब करू. आरटीएक्स ३००० मालिकेतलं कार्ड १,९०० मेगाहर्ट्झला साधारण १.०५ व्होल्ट घेतंय असं धरा. ते १,८०० मेगाहर्ट्झला ०.९ व्होल्टवर आणलं तर वेग ५ टक्क्यांच्या आसपास गेला. विजेचं गणित मात्र ०.९५ गुणिले ०.८५७ चा वर्ग, म्हणजे सुमारे ०.७०. पाच टक्के दिले आणि तीस टक्के वाचले! (मेमरी आणि पंखे यांची वीज वेगळी असते, त्यामुळे अख्ख्या कार्डावर बचत यापेक्षा थोडी कमी दिसेल.) खेळताना हे पाच टक्के डोळ्यांना कळत नाहीत.

एमएसआय आफ्टरबर्नर या मोफत प्रोग्रॅममध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की आलेख उघडतो. आडवे मिलिव्होल्ट, उभे मेगाहर्ट्झ, मधे चढत जाणारी ठिपक्यांची रेषा. आधी सगळी रेषा खाली उतरवा, मग ९०० मिलिव्होल्टवरचा ठिपका १,८०० पर्यंत उचला आणि बरोबरच्या खुणेवर क्लिक करा. ठिपक्यापुढची रेषा सपाट होते, कार्ड त्याच्यावर जात नाही. नुसता क्लॉक खाली ओढून थांबलात तर कार्ड तेच जुनं व्होल्टेज खात राहतं, आणि वेग जातो तेवढीच वीज वाचते. आलेखाचा कंटाळा असेल तर पॉवर लिमिटची (कमाल विजेची) पट्टी ८० टक्क्यांवर आणा, कार्ड आपलं आपण रेषेवरून खाली सरकतं. एएमडी या दुसऱ्या कंपनीचं कार्ड असणाऱ्यांना कंपनीच्याच सॉफ्टवेअरमध्ये अंडरव्होल्टचं तयार बटण मिळतं.

व्होल्टेज उतरवल्याने चिप जळत नाही, फार तर मशीन अडकतं आणि रीस्टार्ट करावं लागतं. पण दहा मिनिटं गेम चालला म्हणून जमलं असं समजू नका. रे ट्रेसिंगचा (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणारा) एखादा गेम किंवा ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅममध्ये लांबलचक रेंडर, म्हणजे चित्र तयार करायचं काम, लावून बघा, कच्चं असेल तर तिथे उघडं पडतं. फार खाली जाण्यातही अर्थ नाही. ०.७ व्होल्टच्या आसपास तळ लागतो. त्यापुढे व्होल्टेज उतरत नाही, नुसता वेग जातो, काम लांबतं आणि तेवढा वेळ चिपमधून झिरपणारी वीज फुकट जाते.

हे सगळं मुंबईत जास्त जाणवतं, कारण कार्डाने खाल्लेली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच उतरते. दहा बाय बाराच्या खोलीत, मे महिन्यात, ३०० वॉटचा हीटर कोण लावेल? दमट हवेने कार्ड जास्त तापतं असं मात्र नाही. कार्डाला घाम येत नाही, दमटपणाचा जाच आपल्याला. कार्डाला फरक पडतो तो खोलीच्या तापमानाने: खोली २४ वरून ३३ अंशांवर गेली आणि पंखे तेवढेच फिरले तर चिपही साधारण ९ अंशांनी वर जाते. आणि धुळीने. साइड पॅनल काढून हीटसिंकच्या (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या) पात्यांत टॉर्च मारा. रस्त्याच्या बाजूची खिडकी असेल तर तिथे राखाडी नमद्यासारखा थर बसलेला दिसेल, दमट हवेत चांगला चिकटलेला. तो ब्रशने काढल्याशिवाय सॉफ्टवेअरमध्ये खेळत बसू नका.

बिलाबद्दल फार आशा नको. ९० वॉट वाचले आणि रोज चार तास वापर असला तर महिन्याला ११ युनिटही होत नाहीत. वरच्या स्लॅबमध्ये असाल किंवा दिवसभर रेंडर चालत असेल तर थोडं जाणवेल. पंखा शांत होतो, माझ्या मते कमाई तीच.

युनिटचा खरा हिशेब केला तो इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग करणाऱ्यांनी, म्हणजे कार्डाकडून गणितं सोडवून नाणी कमावणाऱ्यांनी. ते काम मेमरीवर अडायचं, कोअरवर नाही. म्हणून ते कोअरचा क्लॉक आणि पॉवर लिमिट उतरवायचे आणि मेमरीचा क्लॉक चढवायचे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने मायनिंगची पद्धतच सोडली आणि ही कार्डं सेकंडहँड बाजारात आली. लॅमिंग्टन रोडला असं एखादं कार्ड कोणी पुढे केलं, तर चिप भाजलीय का याची चौकशी मागाहून करा. आधी पंख्यांचे बेअरिंग ऐका आणि मेमरीवर ताण देणारी चाचणी दुकानातच अर्धा तास लावायला सांगा.