सोनोराची गुहा आणि तिचे राखणदार

अमेरिकेत जमीन ज्याची, तिच्या पोटातली गुहाही सहसा त्याचीच. यातून गमतीदार खटलेही झाले आहेत. केंटकीतल्या ग्रेट ऑनिक्स गुहेचं तोंड एडवर्ड्स नावाच्या गृहस्थाच्या जागेत होतं आणि तिकिटाचे पैसे तोच घेत होता. पण गुहेचा साधारण एक तृतीयांश भाग निघाला शेजाऱ्याच्या जमिनीखाली. १९२९ मध्ये कोर्टाने आत मोजणी करायला परवानगी दिली आणि १९३६ मध्ये शेजाऱ्याच्या वारसांना नफ्यातला वाटा मिळाला. शेजाऱ्याला स्वतःच्या जमिनीतून गुहेत उतरायची वाटसुद्धा नव्हती!

तिकीट लावून दाखवल्या जाणाऱ्या तिथल्या बऱ्याच गुहा आजही खासगी आहेत, काही तर पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याकडे. गुहांच्या रक्षणासाठी १९८८ साली केंद्राचा कायदा झाला, पण तो फक्त केंद्राच्या जमिनींना लागू होतो. खासगी गुहेचं भलंबुरं बरंचसं मालकाच्या समजुतीवर अवलंबून राहतं. ही समजूत काय काय करू शकते आणि कुठे अपुरी पडते, हे पाहायला टेक्सासमधली सोनोराची गुहा मला सर्वांत बोलकी वाटते.

ही गुहा मेफील्ड कुटुंबाच्या रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या जमिनीवर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॅकून या छोट्या रानटी प्राण्याच्या मागे धावणारा कुत्रा एका भोकात शिरला आणि गुहेचं तोंड सापडलं, असं सांगतात. आत थोडं गेल्यावर जवळपास पन्नास फूट खोल खड्डा लागायचा, तिथून लोक परत फिरायचे. कित्येक वर्षं गुहा तेवढीच समजली जात होती. १९५५ मध्ये डॅलसचे काही गुहाशोधक खड्ड्याच्या कडेच्या अरुंद कपारीवरून पलीकडे सरकले, आणि पुढे जे दिसलं त्याची कुणालाच कल्पना नव्हती. जॅक बर्च या गुहाशोधकाने वाट तयार करण्याचं काम अंगावर घेतलं. शक्य तितकी कमी मोडतोड करायची, हा त्याचा आग्रह. १९६० मध्ये गुहा लोकांसाठी खुली झाली आणि १९६५ मध्ये तिला राष्ट्रीय नैसर्गिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. या दर्जाने मालकी मात्र बदलत नाही.

सोनोराचं खरं वैभव म्हणजे हेलिक्टाइट, गुहेत वाकडेतिकडे वाढणारे चुन्याचे नाजूक आकार. साधा लवणस्तंभ कसा होतो ते आपण शाळेत शिकतो: पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, सौम्य आम्ल होतं आणि चुनखडी विरघळवत खाली येतं. गुहेच्या हवेत आल्यावर तो वायू निसटतो, आणि विरघळलेला चुना कॅल्साइट, म्हणजे चुन्याचा स्फटिक, होऊन थेंबाथेंबाने साचतो. वाढ वर्षाला एक दशांश मिलिमीटरच्या आसपास, अनेकदा त्याहूनही कमी.

हेलिक्टाइट मात्र गुरुत्वाकर्षणाला जुमानत नाही. त्याच्या मध्यातून केसासारखी बारीक नळी जाते. पाणी इतकं सावकाश येतं की टोकाशी लोंबणारा थेंब तयारच होत नाही. केशाकर्षणाने पाणी पुढे सरकतं, टोकाशी चुना बसतो, आणि वाढीची दिशा ठरते ती स्फटिकाच्या रचनेवरून. त्यामुळे ते आडवं वाढतं, वळतं, मध्येच वर उसळतं, तर कधी माशाच्या शेपटीसारखं पसरतं. सोनोरात अशाच दोन शेपट्या एकमेकींना लागून वाढल्या आणि एक अर्धपारदर्शक फुलपाखरू तयार झालं. जगभरच्या गुहाप्रेमींना ते फोटोवरून ठाऊक होतं.

नोव्हेंबर २००६ मध्ये कुणीतरी त्याचा एक पंख तोडला.

गाइड सोबत असतो, रेलिंग असतं, सूचना दिलेल्या असतात, तरी हे झालं. दगड पुन्हा चिकटवता येईल, पण आतली नळी तुटली की पाण्याचा मार्गच बदलतो. मला या घटनेचं आजही वाईट वाटतं. उरलेलं फुलपाखरू पाहायला लोक अजून येतात.

पण तोडफोड दिसते तरी. माणसांच्या नुसत्या येण्याने होणारी झीज दिसतही नाही. उभा माणूस जुन्या शंभर वॅटच्या बल्बइतकी उष्णता सोडतो, शिवाय उच्छ्वासातून कार्बन डायऑक्साइड आणि वाफ. कपड्यांचे तंतू, केस, त्वचेचे कण गळतात आणि दगडांवर करडा थर धरतो. हात लागला की त्वचेचं तेल बसतं. त्यावरून पाणी नीट पसरत नाही, चुना बसणं थांबतं आणि तो भाग काळवंडतो. जिथे कधी उजेडच नव्हता तिथे दिवे लावले की शेवाळ उगवतं. त्यामुळे दिवे गरजेपुरतेच लावायचे आणि गट पुढे गेला की मालवायचे, ही शिस्त पाळावी लागते. एलईडी आल्यापासून उष्णता तरी कमी झाली. सगळ्यांत घातक असतो नवा बोगदा. पर्यटकांच्या सोयीसाठी दुसरं तोंड फोडलं की कोरडी हवा आत खेळू लागते आणि ओल्या दगडांची चमक हळूहळू जाते.

हे सगळं सांभाळायचं तर पैसा लागतो, आणि पैसा येतो ज्यांच्यामुळे झीज होते त्यांच्याच तिकिटांतून. प्रत्येक घराण्यापुढचा पेच हाच आहे. ॲरिझोनातल्या कार्टश्नर कुटुंबाने तो वेगळ्या तऱ्हेने सोडवला. त्यांच्या जमिनीत १९७४ मध्ये दोन तरुणांना गुहा सापडली. १९७८ मध्ये त्या तरुणांनी ती कार्टश्नरांना दाखवली, आणि मग सगळ्यांनी मिळून दहा वर्षं हे गुपित जपलं. गुहा नीट राखून खुली करणं एका घराला झेपणार नाही, असं मानून १९८८ मध्ये ती राज्याला विकली. त्यानंतर अकरा वर्षं अभ्यास आणि बांधकाम चाललं आणि १९९९ मध्ये दारं उघडली. ही दारंसुद्धा एकामागे एक आहेत: पहिलं बंद झाल्याशिवाय पुढचं उघडत नाही, म्हणजे बाहेरच्या वाळवंटातली कोरडी हवा आत घुसत नाही. पर्यटकांवर पाण्याचा बारीक फवारा उडतो, त्याने तंतू कपड्यांनाच चिकटून राहतात.

घराण्याने सोडून द्यावं की धरून ठेवावं, याचं एकच उत्तर आहे असं मला वाटत नाही. मेफील्डांनी गुहा स्वतःकडे ठेवली, पण वाट आखताना गुहा जाणणाऱ्या माणसाचं ऐकलं. कार्टश्नरांनी ती दुसऱ्याच्या हाती दिली, पण त्याआधी दहा वर्षं तोंड बंद ठेवलं. कार्टश्नर गुहेतलं सर्वांत मोठं दालन दरवर्षी एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतं, कारण तेव्हा वटवाघळांच्या माद्या तिथे पिल्लं वाढवतात. तेवढे महिने पर्यटकांना दुसऱ्या दालनांत नेतात.