पोत्यावरचा मार्का आणि पॉल रँड यांच्या आठ रेघा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असताना गेलं की पायाखाली पिवळी धूळ आणि समोर पोत्यांच्या थप्प्या. प्रत्येक पोत्यावर शाईने काहीतरी मारलेलं असतं. कुठे गोलात दोन अक्षरं, कुठे चौकोनात आकडा, कुठे नुसताच त्रिशूळ. पत्र्यात आकार कापून घ्यायचा, पत्रा पोत्यावर दाबून धरायचा आणि शाईत बुडवलेला ब्रश वरून फिरवायचा. इथे याला कुणी लोगो म्हणत नाही. याचं नाव मार्का. लांबच्या पेठेतला व्यापारी पोतं उघडण्याआधी मार्का बघतो आणि माल कुणाच्या आडतीतून आलाय, एवढ्यावर निम्मा भाव मनात ठरवून टाकतो.

लोगोच्या कलेविषयी लिहिलं-बोललं जातं तेव्हा सुरुवात बहुधा न्यूयॉर्कपासून होते आणि पहिलं नाव येतं पॉल रँड यांचं. आयबीएम, एबीसी, यूपीएस, वेस्टिंगहाऊस अशा बड्या अमेरिकी कंपन्यांची चिन्हं त्यांनी काढली. ते मोठे होतेच. मला मात्र त्यांचं काम उमगलं ते या पोत्यांमुळे, आणि सातारा-सांगलीच्या ज्या जुन्या व्यवहारातून मार्का आला त्या व्यवहारामुळे.

या भागात चिन्हाचा सर्वांत जुना आणि सर्वांत कडक वापर कागदावर होता. शिवाजी महाराजांची राजमुद्रा अष्टकोनी. 'प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता' ही तिची सुरुवात मराठी घरात पोरांनाही पाठ असते. पण त्या मुद्रेला एक धाकटी जोडीदारीण होती, तिच्याकडे लक्ष कमी जातं. पत्राच्या शेवटी उमटायची ती मोर्तबाची मुद्रा, तिच्यावर अक्षरं 'मर्यादेयं विराजते'. म्हणजे मजकुराची हद्द इथे संपली, याच्या खाली कुणी ओळ घुसवली तर ती आमची नव्हे. वरची मुद्रा सांगते पत्र कुणाचं, खालची सांगते ते कुठे संपतं. शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ साली साताऱ्यात झाला आणि पुढे छत्रपतींची गादी तिथे राहिली. इनामं, वतनं, निवाडे यांचे कागद या भागातल्या घराघरांत पेटाऱ्यांत जपले गेले. भांडण निघालं की आधी मुद्रा तपासायची. चिन्ह म्हणजे पत, ही समज इथे शाळेत शिकवावी लागली नाही. त्याच अष्टकोनाचा आकार २ सप्टेंबर २०२२ रोजी भारतीय नौदलाच्या नव्या निशाणावर आला.

कागदावरची मुद्रा मालावर यायला कारखाने यावे लागले, आणि ते इथे आणण्यात चित्रकारांचा मोठा हात होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत हे तिथे ध्यानात आलं, तेव्हा रंग सोडून ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. १९०३ साली त्यांनी बेळगावात लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमिनीला विष चढतं अशी समजूत असल्यामुळे पहिले नांगर कुणी घेईना. १९१० साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळची माळरानाची जागा दिली आणि निवडुंग तोडून किर्लोस्करवाडी उभी राहिली. हे बाळासाहेब स्वतः चित्रकार. औंधच्या टेकडीवर त्यांनी १९३८ साली उभारलेलं संग्रहालय आजही पाहता येतं. वाडीच्या जाहिराती आणि पुढे १९२० साली सुरू झालेलं मासिक ज्यांनी सांभाळलं ते शंकरराव किर्लोस्करही चित्रकलाच शिकलेले. एका नांगरामागे तीन चित्रकार उभे होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्या कारखान्यांनी चिन्ह वेगळं मिरवलं नाही, नावच चिन्ह केलं. जुन्या चरकावर, पंपावर 'किर्लोस्कर' ही उठावाची अक्षरं अजून हाताला लागतात. रंग उडतो, गंज चढतो, अक्षर तसंच राहतं. कराडजवळच्या ओगलेवाडीत ओगले बंधूंच्या काचकारखान्याचा 'प्रभाकर' कंदील निघाला आणि पुढे कितीतरी घरांत कंदिलाला नुसतं प्रभाकरच म्हणू लागले. सातारा रोडला धनजीशा कूपर यांनी १९२२ साली कारखाना काढला आणि कूपरचं नाव पुढे विहिरीवरच्या इंजिनांमुळे शेतकऱ्यांच्या तोंडी बसलं.

या तिन्ही नावांशी जोडलेला एक माणूस आहे, कर्मवीर भाऊराव पाटील. आधी ओगल्यांचे कंदील, मग किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव हिंडले, कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. नांगर विकत फिरत असतानाच १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. संस्थेचं बोधचिन्ह वटवृक्ष. वडाची पारंबी जमिनीत टेकते, रुजते आणि तिचाच खोड होतो. शाखा काढत जाणाऱ्या संस्थेला याहून नेमकं चित्र मिळणं अवघड. ज्या माणसाने खेडोपाडी माल घेऊन जाऊन पाहिलं होतं की लोक नाव कशावरून लक्षात ठेवतात, त्याला वाचता न येणाऱ्या आईबापांसाठी झाडच निवडावंसं वाटलं असेल, असं मला वाटतं.

आता रँड. जन्म १९१४, ब्रुकलिन. घरचं नाव पेरेट्झ रोझेनबॉम. तरुणपणीच त्यांनी ते आखूड केलं. इंग्रजी लिपीत पॉलची चार अक्षरं, रँडचीही चार. आपलं पहिलं चिन्ह त्यांनी स्वतःचंच घडवलं म्हणायला हरकत नाही. मासिकांची मुखपृष्ठं आणि जाहिराती करता करता ते युरोपातल्या नव्या चित्रकलेची शिस्त अमेरिकी व्यापारात घेऊन आले. १९५६ साली आयबीएमचं काम त्यांच्याकडे आलं.

तिथली अडचण तीन अक्षरांचीच होती. आय हे अक्षर काटकुळं, बी मध्यम, एम ऐसपैस. शेजारी उभी केली की बारक्यापासून थोराड होत जातात आणि डोळा एमवर जाऊन अडखळतो. रँड यांनी आधी भरीव अक्षरं दिली. मग १९७२ साली त्यांच्यातून आडव्या रेघा काढून आठ पट्ट्या केल्या. सारख्या अंतरावरच्या पट्ट्यांनी तिन्ही अक्षरं एका दोरीत ओवली गेली. सहीची नक्कल किंवा खाडाखोड होऊ नये म्हणून कायदेशीर कागदांवर बारीक समांतर रेघा छापतात, त्यांची आठवणही त्यामागे होती. इथे मला थेट मोर्तबाची मुद्रा दिसते. एकीकडे मराठी दफ्तर, दुसरीकडे संगणकाची कंपनी, आणि दोन्हीकडे काळजी एकच, कागदात कुणी हात घालू नये.

मार्का कापणाऱ्या कारागिरालाही अशीच अडचण येते. पत्र्यात 'व' कापला की त्याच्या पोटातला तुकडा गळून पडतो आणि पोत्यावर नुसता काळा गोळा उमटतो. म्हणून तो पोटाला धरून ठेवणाऱ्या दोन बारीक दांड्या राखतो. अक्षर मधून तुटतं, पण वाचता येतं. अडचणीतूनच त्या अक्षराला रूप मिळतं. रँड यांचा आग्रहही असाच होता की चिन्ह लहान केलं, काळ्या-पांढऱ्यात छापलं, घाईत पाहिलं तरी टिकलं पाहिजे. खडबडीत तागावर ओल्या शाईने उमटणाऱ्या मार्क्याची याहून वेगळी परीक्षा नसते.

१९६१ साली त्यांनी यूपीएस या पार्सलं पोचवणाऱ्या कंपनीसाठी ढाल काढली आणि तिच्या डोक्यावर दोरीची गाठ मारलेलं पार्सल ठेवलं. ते त्यांनी आपल्या लहान मुलीला दाखवलं तेव्हा ती म्हणाली, ही तर भेटवस्तू. त्यांचं काम तिथेच झालं. ती गाठ २००३ पर्यंत गाड्यांवर होती. १९८६ मध्ये स्टीव्ह जॉब्झ यांनी नेक्स्ट या नव्या कंपनीसाठी त्यांना बोलावलं आणि दोन-चार पर्याय मागितले. रँड यांनी नकार दिला. तुमचा प्रश्न मी सोडवीन आणि तुम्ही पैसे द्याल, वापरायचं की नाही ते तुम्ही ठरवा. एक लाख डॉलर घेऊन त्यांनी एकच चिन्ह आणि त्यामागचा विचार मांडणारी एक पुस्तिका दिली. आज गावात कुणी दुकान काढलं की तासाभरात दहा लोगो मोबाईलवर येतात आणि त्यांतला 'बरा दिसणारा' निवडला जातो. दहांतून निवडताना आपण डोळ्याला विचारतो. आपलं काम नेमकं काय, हा प्रश्न तसाच राहून जातो. म्हणून रँड यांचा तो हट्ट मला पटतो.

१९९१ च्या एका निबंधात त्यांनी लिहिलं की लोगो म्हणजे झेंडा, सही, कुळाचं चिन्ह. तो माल थेट विकत नाही, ओळख पटवतो. त्याला अर्थ मिळतो तो ज्या वस्तूवर तो बसतो तिच्या गुणावरून. याचा सर्वांत कडू पुरावा महाराष्ट्राने पाहिला. रँड नोव्हेंबर १९९६ मध्ये गेले. त्यांनी काढलेलं शेवटचं गाजलेलं चिन्ह तिरकं उभं असलेलं इंग्रजी ई, ते १९९७ साली जगापुढे आलं. कंपनीचं नाव एन्रॉन. दाभोळचा १९९३ चा वीजखरेदी करार, गुहागरातली आंदोलनं, सरकार बदलल्यावर रद्द झालेला आणि पुन्हा जुळलेला प्रकल्प, शेवटी २००१ मध्ये थांबलेली वीजखरेदी, हे सगळं इथल्या वाचकाला नव्याने सांगायला नको. त्याच वर्षी डिसेंबरात कंपनीचं दिवाळं निघालं आणि त्या ई ला लोक 'वाकडा ई' म्हणू लागले. रेघ बदलली नव्हती, कोनही तोच होता. हिशेब खोटे निघाले आणि चिन्हाचा अर्थ उलटला.

आपल्या लिपीतल्या चिन्हांविषयी थोडं सांगायला हवं. रँड यांना तीन अक्षरं बांधायला आठ रेघा लागल्या. देवनागरीला शिरोरेषा जन्मापासूनच आहे. अरुंद 'र' आणि रुंद 'क्ष' एकाच दांडीला लटकतात, शब्द आपोआप एकसंध होतो. म्हणूनच ती रेषा कुठे तोडायची, कुठे जाड करायची, कुठे वेलांटीला तिच्यावर स्वार होऊ द्यायचं, यात मराठी अक्षरकाराची सगळी कारागिरी असते. र. कृ. जोशी जाहिरात क्षेत्रात कलादिग्दर्शक होते, नंतर मुंबईच्या आयआयटीत शिकवत होते. संगणकात वर्षानुवर्षं ज्या अक्षरात आपण मराठी वाचलं तो मंगल फाँट त्यांचा. आणि कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावं अशी काढली की वर्तमानपत्रातल्या बोटभर जाहिरातीत नाटकाचा स्वभाव कळायचा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथे 'सीतास्वयंवर' उभं केलं त्या सांगलीत ही जाहिरातींची पानं कापून वहीत चिकटवणारे लोक होते. मी लहानपणी अक्षर काढायला शिकलो ते अशाच एका वहीवरून, त्यावर पातळ कागद ठेवून.

यार्डात आता प्लास्टिकची पोती आली आहेत. त्यांवर चार रंगांत छापलेली नावं असतात, फोन नंबर असतात, कधी देवाचा फोटोही असतो. तरी हमाल थप्पी लावताना अजून पोतं फिरवून मार्का बाहेरच्या बाजूला आणतात. त्यांना तसं कुणी सांगत नाही.