हिपॅटायटिस सी : काहींच्या शरीरातून विषाणू आपोआप का जातो?

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी म्हापशाच्या नाहीतर मडगावच्या प्रयोगशाळेत रक्त द्यावं, आणि अहवालात 'अँटी-एचसीव्ही : रिअ‍ॅक्टिव्ह' छापून यावं. घरचे धसका घेतात. पण ही चाचणी एचसीव्ही म्हणजे हिपॅटायटिस सीचा विषाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं शोधते. शरीराची आणि विषाणूची कधीतरी गाठ पडली असावी, इतकाच तिचा अर्थ. विषाणू आज रक्तात आहे का, हे एचसीव्ही आरएनएच्या, म्हणजे विषाणूच्या जनुकीय द्रव्याच्या, पीसीआर चाचणीतून कळतं. ती 'नॉट डिटेक्टेड' आली, तर त्या माणसाने बहुधा औषधाशिवायच विषाणू परतवलेला असतो. लागण झालेल्यांपैकी साधारण ३० टक्के लोकांना हे सहा महिन्यांच्या आत जमतं; वेगवेगळ्या अभ्यासांत हा आकडा १५ ते ४५ टक्के येतो. बाकीच्यांच्या यकृतात विषाणू वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो.

हा फरक कशाने पडतो, याचा मोठा धागा २००९ साली हाती लागला. विषाणू आपोआप गेलेले आणि न गेलेले अशा १००८ जणांचा डीएनए तपासला, तेव्हा १९व्या गुणसूत्रावर, लॅम्डा इंटरफेरॉनच्या (विषाणूविरुद्ध पेशींना सावध करणाऱ्या प्रथिनांच्या) जनुकांजवळ, डीएनएतलं एक अक्षर निर्णायक ठरलं. आई-वडील दोघांकडूनही तिथे 'सी' आलेल्यांमध्ये विषाणू जाण्याची शक्यता इतरांच्या सुमारे तिप्पट होती. पूर्व आशियात हे 'सी' जवळजवळ सर्वांत आढळतं, आफ्रिकी वंशाच्या लोकांत बरंच कमी. एकाच विषाणूशी वेगवेगळे समाज वेगळ्या प्रमाणात का झुंजतात, याचं एक कारण इथे आहे.

खरी गंमत २०१३ साली उघड झाली. त्याच भागात आयएफएनएल-४ नावाचं जनुक सापडलं. काहींच्या डीएनएत तिथे 'टीटी' ही दोन अक्षरं असतात, काहींत त्यांच्या जागी एकटा 'जी'. जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचलं जातं, त्यामुळे एका अक्षराच्या फरकाने पुढचं सगळं वाचन बदलतं. 'जी' असेल तर लॅम्डा-४ हे इंटरफेरॉन तयार होतं, 'टीटी' असेल तर जनुक बाद. आणि ज्यांचं जनुक बाद, त्यांनाच विषाणू घालवणं सोपं जातं! विषाणूशी लढणारं प्रथिन बनणं अपायकारक कसं? सध्याचं स्पष्टीकरण असं : लॅम्डा-४मुळे यकृतातल्या पेशी सतत अर्धवट सावध राहतात, त्यातून इंटरफेरॉनचा संदेश दाबणारी यूएसपी-१८सारखी प्रथिनं वाढतात, आणि गरजेच्या वेळी येणारा खरा इशारा बोथट होतो. याला एक चांगला पुरावाही आहे. काहींचं जनुक चालू असतं, पण एका अमिनो आम्लाच्या बदलामुळे त्यांचं लॅम्डा-४ दुबळं असतं. अशा लोकांतही विषाणू जास्त वेळा जातो.

दुसरा धागा ६व्या गुणसूत्रावरच्या एचएलए जनुकांचा. पेशीतल्या विषाणूचे तुकडे टी-पेशींपुढे (लागण झालेल्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशींपुढे) मांडणारी प्रथिनं यांतून बनतात. कोणता तुकडा मांडला जाईल, हे एचएलएच्या प्रकारावर ठरतं. बी-२७ हा प्रकार विषाणूचा असा भाग मांडतो, की तो बदलून निसटणं विषाणूला फार महाग पडतं. मात्र हे विषाणूच्या प्रकार १ (जीनोटाइप १) बाबत. विषाणूच्या प्रकार ३मध्ये, जो आपल्या देशात सर्वांत जास्त दिसतो, तो तुकडाच वेगळा आहे आणि बी-२७चा तो फायदा मिळत नाही. परदेशी निष्कर्ष जसेच्या तसे गोव्यातल्या रुग्णाला लावू नयेत, ते यासाठी.

नैसर्गिक मारक पेशींचंही असंच. त्यांना आवरून धरणाऱ्या केआयआर-२डीएल-३ या ग्राहक प्रथिनाची (रिसेप्टरची) पकड एचएलए-सीच्या एका गटाशी सैल असते. ही जोडी असलेल्यांत विषाणू जास्त वेळा गेला, पण लागण सुईसारख्या मार्गाने, थोड्या विषाणूंनिशी झाली असेल तरच. रक्ताची पिशवी चढवताना लागण झालेल्यांत हा लाभ दिसला नाही. मारा मोठा असला की जनुकांचं फारसं चालत नाही, असा माझा तरी त्यातून अर्थ.

१९व्या गुणसूत्रावरची जागा आणि एचएलएचा डीक्यूबी-१ हा भाग मिळून फक्त १५ टक्के फरक समजावतात, असा २०१३चा अंदाज आहे. स्त्रियांत विषाणू जास्त वेळा जातो, सुरुवातीला कावीळ झालेल्यांतही. एचआयव्ही सोबत असेल तर कमी.

म्हणून जनुकचाचणीवर आज पैसे घालवू नयेत. इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांच्या काळात उपचार लागू पडेल का, हे ताडायला ती उपयोगी होती. आता सोफोस्बुविर ४०० मिलिग्रॅम आणि डॅक्लाटासविर ६० मिलिग्रॅम, रोज एकेक गोळी, १२ आठवडे, असा सिरोसिस (यकृत निबर होणं) नसलेल्यांचा नेहमीचा कोर्स आहे आणि ९५ टक्क्यांच्या आसपास लोक बरे होतात. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधं मोफत मिळतात; चौकशी बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) करावी. विषाणू आपोआप जाईल म्हणून वाट बघत बसायचा सल्लाही आता दिला जात नाही. गोळ्या सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बीची एचबीएसएजी चाचणी मात्र चुकवू नये, कारण सी दबताना दडलेला बी उसळू शकतो.

चुका होतात त्या तारखांच्या. दूषित सुई टोचून लागण झाल्यावर आरएनए एक-दोन आठवड्यांत सापडतो, प्रतिपिंडं मात्र आठ ते अकरा आठवड्यांनी. पंधराव्या दिवशीच्या 'नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह' अँटी-एचसीव्हीवर निर्धास्त होऊ नये. सुरुवातीच्या काळात आरएनए मधूनच नाहीसा होऊन परत येतो, तेव्हा एका 'नॉट डिटेक्टेड'वर न थांबता तीनेक महिन्यांनी चाचणी पुन्हा करावी. विषाणू गेल्यावरही प्रतिपिंडं वर्षानुवर्षं राहतात, त्यामुळे बरं झाल्याची खात्री करायला अँटी-एचसीव्ही पुन्हा पुन्हा करून काही हाती लागत नाही. आणि एकदा विषाणू परतवलेल्याला पुन्हा लागण होऊ शकते. कळंगुटच्या किनाऱ्यावर गोंदवून घेताना सुई पाकिटातून समोर उघडलेली आणि शाईची वाटी नवी आहे ना, हे त्यानेही बघावंच.